एक तोंड, दोन निरोप

१

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका गोठ्यात चला.

गोठा नदीकाठच्या खालच्या गल्लीत आहे. पावसाळ्याचे दिवस, संध्याकाळची वेळ, दिवे दुपारीच गेलेले. दावणीला दोन म्हशी आणि एक रेडकू. समोरच्या उसाच्या सरीत काहीतरी चमकतंय. ते नदीचं पाणी आहे की नुसता चिखल, अंधुक उजेडात कळत नाही. अशा वेळी तुम्ही काय कराल? कान द्याल. गल्लीच्या तोंडाशी खांबावर एक भोंगा आहे, आणि पुराच्या दिवसांत सगळी गल्ली त्या भोंग्याच्या भरवशावर झोपते.

भोंगा बोलतो. बाईचा ओळखीचा आवाज.

"नदीकाठच्या सर्वांनी ऐका. पाणी इशारा पातळीच्या खाली आहे. जनावरं हलवायची गरज नाही."

तुमचा जीव भांड्यात पडतो. तुम्ही म्हशींपुढं वैरण टाकता आणि वरच्या आळीला भावाकडं जेवायला जाता.

आता त्याच क्षणी दुसरीकडं चला. तिकडं कोल्हापूरला, कळंब्याच्या तळ्याजवळच्या एका घरात एक बाई मोबाईलवर तेच निवेदन ऐकते आहे. आवाज तोच. पण शब्द ऐका.

"पाणी वेगानं चढतंय. जनावरं सोडा आणि शाळेच्या माळावर न्या. उशीर करू नका."

बोलणारी बाई एकच होती. ती एकदाच बोलली होती. तरी एका कानाला एक निरोप गेला आणि दुसऱ्या कानाला दुसरा.

जेवून परतलेल्या गोठ्याच्या मालकाला, केरबाला, गोठा दिसलाच नाही, नुसतं पाणी दिसलं. गळ्याइतक्या पाण्यातून त्यानं एक म्हैस आणि रेडकू ओढून काढलं. दुसरी म्हैस, चंद्रा, गेली. तिच्या दाव्याचा तुटका तुकडा तेवढा खुंटीला राहिला.

२

गावाचं नाव आंबेकुरण. कोल्हापूरहून नृसिंहवाडीकडं जाताना पंचगंगेच्या काठाला आहे. दुसऱ्या दिवशी, बुधवारी, उजाडताना दिवे आले आणि त्यांच्यामागं महादेवीच्या दारात माणसं आली.

महादेवीचं घर गावाच्या वरच्या अंगाला, नदीपासून लांब. नवरा भरमाप्पा कायम ट्रकवर. घरात ती आणि सातवीत शिकणारी मुलगी, शिवांजली. यंदाच्या पावसाळ्यापासून गावानं महादेवीला एक काम दिलं होतं. रोज सकाळी नदीची पातळी फोनवरून विचारायची आणि घरातल्या माईकवरून गावाला सांगायची. तिचा आवाज इंटरनेटवरून जाई. ज्यांच्याकडं मोबाईल ते मोबाईलवर ऐकत. खालच्या गल्लीतल्या लोकांसाठी डेअरीतला कॉम्प्युटर तोच आवाज भोंग्यावर सोडी. निवेदन रोज सकाळचं, एकदाच. मंगळवारी मात्र पाणी दुपारनंतर चढू लागल्याचं लॅपटॉपवर कळलं, म्हणून महादेवी संध्याकाळी पुन्हा माईकपुढं बसली होती.

"बाहेर ये, बाई," केरबा अंगणातून म्हणाला. त्यानं तुटकं दावं उंबऱ्यावर टाकलं. "माझ्या चंद्राचं हाय. आता तूच घाल गळ्यात."

"तात्या, जनावरं हलवा म्हटलं होतं मी," महादेवी म्हणाली.

"कुणाला म्हटलंस? घरातल्या मांजराला?"

गर्दीत कोणीतरी हसलं. केरबाचा मुलगा सम्राट पुढं आला आणि त्यानं मोबाईल उंच धरला. मंगळवारी संध्याकाळी तो गल्लीच्या तोंडाशी उभा राहून नदीचा व्हिडिओ काढत होता. त्यात भोंगा स्वच्छ ऐकू येत होता. पाणी इशारा पातळीच्या खाली आहे. जनावरं हलवायची गरज नाही.

"आवाज कुणाचा?" सम्राटनं विचारलं.

"माझाच."

"मग झालं की."

"पण संध्याकाळी मी हे बोलले न्हाय."

"सकाळीबी हेच, संध्याकाळीबी हेच," मागून एक बाई म्हणाली. "शब्दन् शब्द तोच. पातळी इचारायचा कट्टाळा आला आणि शिळंच वाढलं लोकांस्नी."

तेवढ्यात मोटारसायकल थांबली आणि गर्दी बाजूला सरकली. डेअरीचे चेअरमन उदयसिंह आले होते. मागच्याच महिन्यात महादेवीनं माईकवरून सांगितलं होतं की डेअरी धुतलेलं पाणी ओढ्यात सोडते आणि तिथं पोरं पोहतात. त्या दिवसापासून चेअरमन तिच्याशी बोलत नव्हते. आज बोलले.

"पुरावा काय तुझ्याकडं?"

"कळंब्याची माझी बहीण. तिनं मोबाईलवर बरोबर ऐकलंय. आज टॉवर सुरू झाल्या झाल्या तिचा फोन आलता."

"बहीण," चेअरमन म्हणाले आणि गर्दीकडं वळले. "गावातल्या कुणी ऐकलंय मोबाईलवर?"

कोणीच ऐकलं नव्हतं. दिवे गेले की गावातला मोबाईलचा टॉवर बंद पडे. केबलची लाईन फक्त दोन ठिकाणी होती, महादेवीच्या खोलीत आणि डेअरीत. महादेवीचा लॅपटॉप बॅटरीवर चालला होता आणि डेअरी इन्व्हर्टरवर.

"घरचा साक्षीदार चालत न्हाय," चेअरमन म्हणाले. "आत्ता तपासू. जा, बोल माईकवर."

महादेवी आत जाऊन बोलली. डेअरीतून ऑपरेटर आदर्शचा फोन आला. भोंग्यावर तिचे शब्द जसेच्या तसे उमटले होते.

"ऐकलंसा सगळ्यांनी? भोंगा बरोबर हाय," चेअरमन म्हणाले. "म्हणजे तोंड चुकलं. उद्या सकाळचं निवेदन मी देणार. दुपारी डेअरीच्या पटांगणात मीटिंग. तिथं सगळ्यांसमोर चूक कबूल करायची आणि माईक सोडायचा. परत कधी हात लावायचा न्हाय."

माणसं गेली. महादेवीनं उंबऱ्यावरचं दावं उचललं, झटकलं आणि खुंटीला अडकवलं.

"अव्वा, तू खरंच हलवा म्हणालतीस न्हवं?" शिवांजलीनं विचारलं.

महादेवी मुलीकडं वळली. "तूबी?" एवढंच म्हणाली आणि आत गेली.

३

शिवांजलीला तो शब्द लागला. ती चप्पल घालून थेट सम्राटकडं गेली. केरबाचं बिऱ्हाड आता भावाच्या पडवीत होतं. उरलेली म्हैस आणि रेडकू अंगणात बांधलेलं होतं.

"सम्राटदादा, तो व्हिडिओ पाठव की."

"कशाला? आईला अंगाई म्हणून लावतीस?"

"पाठव तर."

"घे. गावभर फिरतोयच." त्यानं तो पाठवला. "आणि परत हिकडं येऊ नगंस. आमचं आबा चिडल्यात."

घरी येऊन तिनं आईच्या मोबाईलला इअरफोन लावले आणि व्हिडिओ ऐकला. पहिल्यांदा तिला आईचे शब्द ऐकू आले. दुसऱ्यांदा नदीचा आवाज, मग मागं कोणाचं तरी कुत्रं. तिसऱ्यांदा तिनं डोळे मिटले आणि शब्द सोडून बाकीचं ऐकलं.

मुलांनो, ही युक्ती लक्षात ठेवा. सगळे जे ऐकतात ते ऐकून झालं की उरलेलं ऐकायचं असतं.

आईच्या आवाजामागं काहीतरी वाजत होतं. टक, टक, टक. अगदी बारीक, सारख्या अंतरानं. शिवांजलीनं डोळे उघडून वर बघितलं. माईकच्या खोलीतला पंखा फिरत होता आणि त्याचं एक सैल पातं दर फेरीला वाजत होतं. टक, टक, टक.

ती तशीच उठून स्वयंपाकघरात गेली. "अव्वा, मंगळवारी दिवे कधी गेलते?"

"दुपारी. रात्रभर न्हवते. तुला ठाऊक हाय की."

"आणि संध्याकाळी तू बोललीस तेव्हा पंखा चालू होता?"

"दिवे न्हाईत तर पंखा कशानं फिरणार? तू शेजारी गेलतीस, मीच पुठ्ठ्यानं वारा घेत बोलले." महादेवी बोलता बोलता थांबली. तिनं पोळपाट बाजूला सारला.

शिवांजलीनं इअरफोनचं एक टोक आईच्या कानात घातलं. दोघींनी मिळून ऐकलं.

भोंग्यातून आलेला आवाज संध्याकाळचा नव्हताच. दिवे असतानाचा होता. म्हणजे सकाळचा. सकाळी महादेवी ते शब्द बोलली होती, आणि सकाळी ते खरे होते. कोणीतरी सकाळचं बोलणं जपून ठेवलं होतं आणि संध्याकाळच्या बोलण्याच्या जागी वाजवलं होतं.

"चेअरमन," शिवांजली म्हणाली. "ओढ्याच्या पाण्याचा राग."

"पुराव्याबिगर कुणाचं नाव घ्यायचं न्हाय," महादेवी म्हणाली. "आत्ताच आपल्यावर ती पाळी आलीया."

पण शिवांजली अंगणाच्या बाहेर पडलीही होती.

४

डेअरीत संध्याकाळचं दूध घालायची वेळ होती. बायामाणसं किटल्या घेऊन रांगेत होती. शिवांजलीला बघून रांगेतलं बोलणं थांबलं आणि मग मुद्दाम मोठ्यानं सुरू झालं. ती कोणाकडं न बघता चेअरमनच्या टेबलापुढं गेली.

"मंगळवारी संध्याकाळी तुम्ही कुठं होता, काका?"

उदयसिंहांनी चष्मा काढला. "आईनं धाडलं?"

"न्हाय. मीच आले."

"मग ऐक. मी खालच्या गल्लीत होतो. भोंगा ऐकला, पाणी न्हाय म्हटलं आणि तसाच वर आलो. माझी वर्षाची वैरण तिथल्या खोपीत होती. आता एक काडी न्हाय. जाऊन बघ, खोपीचा पत्रा उसात अडकलाय." त्यांनी चष्मा परत लावला. "तुझ्या आईला माईकवरनं काढायचंच हाय मला, लपवत न्हाय. पण त्यासाठी सोताची वैरण बुडवायला मी येडा न्हाय. पळ आता."

शिवांजलीचे कान तापले. त्या माणसाचं बोलणं कितीही टोचलं तरी त्यात खोट सापडत नव्हती. ती आतल्या खोलीत आदर्शकडं गेली. गावाचं प्रसारण त्यानंच उभं केलं होतं. महादेवीच्या घरातला लॅपटॉपही त्यानंच लावून दिला होता.

"आदर्शदादा, भोंग्याचा कॉम्प्युटर आवाज साठवून ठेवतो?"

"न्हाय. तो नुसतं नेटवरचं गावाचं पान उघडतो आणि वाजवतो."

"आणि हा डबा?" टेबलाखाली एक काळा डबा लुकलुकत होता.

"तो प्रॉक्सी सर्व्हर. डेअरीची लाईन बारीक. सगळ्या कॉम्प्युटरांनी एकदम नेट ओढलं की बसते. म्हणून मधी हा बसवलाय. कुणालाबी बाहेरनं काय पायजे असलं की ह्याला सांगायचं. हा आणून देतो आणि एक नक्कल सोताकडं ठेवतो. दुसऱ्यानं तेच मागितलं तर परत बाहेर जात न्हाय, ठेवलेलं देतो."

"मग अव्वाचा आवाज पण ठेवत असंल."

"ठेवला तरी रात्री बंद केला की सगळं पुसून जातं. आणि आवाज काय सबंध जात न्हाय. त्याचे बारके बारके तुकडे होतात, प्रत्येकाला नंबर असतो. नवीन तुकडा, नवीन नंबर. जा आता, दूध चाललंय."

इथंही वाट बंद झाली. ती वळली, तोच बाहेर काचा वाजल्या. नमुन्याच्या बाटल्या सांभाळणारे आकाराम दोन ट्रे घेऊन गोंधळून उभे होते.

तुम्हाला डेअरी ठाऊक नसेल तर सांगतो. प्रत्येकाचं दूध घेताना त्यातलं थोडं एका लहान बाटलीत काढतात, तपासायला. पहिल्या माणसाची बाटली एक नंबर, दुसऱ्याची दोन. सकाळी मोजणी एकपासून. संध्याकाळी पुन्हा एकपासून. म्हणून सकाळचा ट्रे वेगळा आणि संध्याकाळचा वेगळा.

"अहो आकारामदादा, ही सकाळची एक नंबर हाय," आदर्श बाहेर येऊन ओरडला. "मी संध्याकाळची मागितली."

"तू एक नंबर म्हणालास. मी एक नंबर दिली."

"कुठली एक नंबर ते बघायला नको?"

"बाटलीवर लिवलंय का सकाळ म्हणून? नुसता एक हाय की."

शिवांजली जागच्या जागी उभी राहिली. तुम्हीही थांबा, मुलांनो. उत्तर आत्ता तिच्या समोर आहे आणि तुमच्याही. वाटलं तर एवढं पान पुन्हा वाचा.

"आदर्शदादा," ती हळू आवाजात म्हणाली, "अव्वा बोलायला लागली की तुकड्यांचा नंबर कुठनं सुरू होतो?"

"कुठनं म्हणजे? एकपासनं. दर खेपेला एकपासनं. आपल्या डेअरीत जसं..."

वाक्य पुरं झालं नाही. त्यानं काळ्या डब्याकडं बघितलं, मग आकारामांच्या हातातल्या बाटलीकडं. त्यानं शिवांजलीला दंडाला धरून कोपऱ्यात नेलं.

"गप बस," तो पुटपुटला. "कुणापुढं बोललीस तर मी न्हाय म्हणणार. आज सकाळी चेअरमननी तपासलंय, भोंगा बरोबर होता. त्या दिवसाचं सगळं पुसलंय. तुझ्याकडं काय हाय दाखवायला?"

५

त्याचं खरं होतं. तिच्याकडं दाखवायला काही नव्हतं. पंख्याची टकटक ऐकवली तर लोक म्हणाले असते, पोरीनं मागाहून घातली.

ती घरी आली आणि आईला सगळं सांगितलं.

"उद्या सकाळी त्या माणसाला मी घरात घेणार न्हाय," महादेवी म्हणाली. "माझ्या माईकवर बसून मलाच शिव्या देणार तो."

"येऊ दे की त्यांना," शिवांजली म्हणाली. "बोलू दे. पोटभर बोलू दे. आणि अव्वा, च्यापण दे."

गुरुवारी सकाळी उदयसिंह आले. चहाला हात लावला नाही. माईकपुढं बसून त्यांनी खणखणीत आवाजात निवेदन दिलं. "मी चेअरमन उदयसिंह बोलतोय. पाणी उतरतंय, काळजी नको. मंगळवारी महादेवीबाईंच्या हलगर्जीपणामुळं गावाचं नुकसान झालं. दुपारी मीटिंगला या." भोंग्यावर ते स्वच्छ उमटलं. खालच्या गल्लीत कोणीतरी टाळ्याही वाजवल्या.

दुपारी पटांगण भरलं. भोंग्याची तार ओढून खांबावरचा आवाज पटांगणातही येईल असं केलं होतं, कारण महादेवीची कबुली सगळ्या गावानं ऐकायची होती. केरबा पुढंच बसला होता, हात गुडघ्यावर, कोणाकडं न बघता. महादेवी कुठं दिसेना.

"तोंड लपवलं व्हय?" कोणीतरी म्हणालं.

"घरी माईकपुढं बसलीया," शिवांजली उभी राहून म्हणाली. "ती तिथनंच बोलणार. सम्राटदादा, तुझ्या मोबाईलवर गावाचं पान उघड. आवाज मोठा कर."

"मी कशाला?"

"कारण तू आमच्या घरचा साक्षीदार न्हाईस."

सम्राटनं बापाकडं बघितलं. केरबानं मान हलवली. सम्राटनं मोबाईल उघडला. टॉवर आज चालू होता. शिवांजलीनं आकारामांच्या मोबाईलवरून आईला फोन लावला आणि एकच शब्द बोलली, "बोल."

मोबाईलमधून महादेवीचा आवाज आला. "नमस्कार. मी महादेवी बोलतेय. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडलेत..."

आणि त्याच वेळी खांबावरचा भोंगा गरजला.

"मी चेअरमन उदयसिंह बोलतोय. पाणी उतरतंय, काळजी नको."

सगळं पटांगण चेअरमनांकडं वळलं. उदयसिंह खुर्चीत बसले होते. त्यांचं तोंड मिटलेलं होतं. भोंग्यातले उदयसिंह मात्र थांबायला तयार नव्हते. "मंगळवारी महादेवीबाईंच्या हलगर्जीपणामुळं..."

"बंद करा ते," खुर्चीतले उदयसिंह म्हणाले.

"कुणाला बंद करू, चेअरमन?" मागून आकाराम म्हणाले. "तुम्हाला का तुम्हाला?"

६

हसू दबलं तेव्हा शिवांजलीनं आकारामांच्या हातातून दोन बाटल्या घेतल्या आणि टेबलावर ठेवल्या. दोन्हींवर एक नंबर होता.

"ही सकाळची, ही संध्याकाळची," ती म्हणाली. "डेअरीत दर खेपेला एकपासून मोजतात. अव्वाच्या आवाजाचे तुकडे पण तसेच. सकाळी बोलली तेव्हा एक, दोन, तीन. संध्याकाळी बोलली तेव्हा परत एक, दोन, तीन. भोंगा आतल्या डब्याला म्हणाला, एक नंबर दे. डब्याकडं सकाळचा एक नंबर ठेवलेला होता. तो बाहेर गेलाच न्हाय. ठेवलेला दिला. मोबाईलच्या वाटेत डबा न्हाय, म्हणून कळंब्याच्या मावशीला ताजं ऐकू आलं."

"मग काल तपासलं तवा बरोबर कसं आलं?" केरबानं विचारलं. दोन दिवसांत तो पहिल्यांदाच नीट काही विचारत होता.

"ती त्या दिवसाची पहिली खेप होती, तात्या. रात्री डबा रिकामा होतो. इतके दिवस अव्वा दिवसातनं एकदाच बोलायची, म्हणून कधी कळलं न्हाय. मंगळवारी पहिल्यांदा दोनदा बोलली."

सम्राटनं मोबाईल खाली केला. त्याच्या व्हिडिओतली पंख्याची टकटकही तिनं मग ऐकवली. आता ऐकायला सगळे वाकले.

उदयसिंह उठले. "आदर्श. म्हणजे हे तुझं काम."

आदर्श भिंतीला टेकून उभा होता. शिवांजलीला क्षणभर बरं वाटलं. कोपऱ्यात धरलेला दंड अजून दुखत होता. एक शब्द बोलली असती तर गर्दी तिकडं वळली असती. गर्दीला तेवढंच हवं असतं, कुणीतरी एक.

"त्यांनी डेअरीत सगळे करतात तसंच केलं," ती म्हणाली. "ट्रेवर सकाळ-संध्याकाळ लिहिलेलं असतं. तुकड्यांवर लिहायचं राहिलं. अव्वा पण वार-वेळ न सांगता बोलायची. सांगितली असती तर भोंगा शिळं बोलतोय हे त्याच वेळी कळलं असतं." मग चेअरमनांकडं न बघता तिनं वाक्य पुरं केलं. "आणि उदयकाकांनी पण काय केलं न्हाय. त्यांची वैरण खरंच बुडलीया. मी जाऊन बघितली."

हे शेवटचं बोलायला तिला सगळ्यांत जड गेलं.

कोणी माफी मागितली नाही. उदयसिंह "माईक राहू दे बाईकडं" एवढं म्हणाले आणि मोटारसायकलला किक मारून निघून गेले. आदर्श आत गेला आणि काळ्या डब्याला सांगून आला की ह्या आवाजाची नक्कल ठेवायची नाही, दर वेळी बाहेरून ताजाच आणायचा. तुकड्यांच्या नंबरापुढं वार आणि वेळही घातली.

केरबा सर्वांत शेवटी उठला.

"म्हणजे माझी चंद्रा कुणी न्हेलीच न्हाय," तो म्हणाला. "तुझ्या आईनं न्हाय, चेअरमननी न्हाय, ह्या आदर्शनं न्हाय. एका डब्यानं न्हेली म्हणायचं." तो शिवांजलीसमोर थांबला. "तू शहाणी हाईस, पोरी. पण त्या भोंग्याचं मी आता ऐकणार न्हाय. तुझ्या आईचंबी न्हाय. गोठ्यातला गाळ काढलाय, आज जनावरं परत खाली बांधणार."

आणि तो नदीकडं चालू लागला.

संध्याकाळ झाली. महादेवी पुन्हा माईकपुढं बसली. फोनवरून पातळी कळली होती, आणि ती वाईट होती. राधानगरीचं पाणी पोचत होतं. शिवांजलीनं आईचा मोबाईल उचलला, खुंटीवरचं तुटकं दावं घेतलं आणि उतारानं खालच्या गल्लीत धावत गेली.

केरबा गोठ्यात वैरण टाकत होता. तिला बघून त्यानं तोंड फिरवलं. तिनं दावं चंद्राच्या रिकाम्या खुंटीला अडकवलं, मोबाईल उघडून हातावर धरला आणि उभी राहिली.

भोंगा बोलला. "आज गुरुवार, संध्याकाळ. नदीकाठच्या सर्वांनी ऐका. पाणी चढतंय. जनावरं सोडा आणि शाळेच्या माळावर न्या."

तिच्या हातातला मोबाईल एका श्वासाच्या अंतरानं मागून तेच बोलला. आज गुरुवार, संध्याकाळ. पाणी चढतंय. जनावरं सोडा.

केरबा भोंग्याकडं बघत राहिला, मग मोबाईलकडं, मग रिकाम्या खुंटीकडं. वैरणीची पेंढी त्याच्या हातातच होती. त्यानं ती खाली ठेवली आणि म्हशीच्या दाव्याला हात घातला.

शिवांजलीनं मोबाईल खिशात टाकला आणि रेडकाचं दावं सोडायला घेतलं.